कुडत्याला थोडी नशा

माझा स्वभाव मऊ आहे. हे माझं नाही, सौ.चं मत आहे, आणि ते तिने कौतुकाने दिलेलं नाही. सोसायटीच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो की खजिनदार चहा मागवतात. भाजीवाली सुटे नाहीत म्हणून जास्तीची कोथिंबीर देते आणि मी ती घेतो. एवढ्या मऊ माणसाला जगात उभं राहायचं तर कुठेतरी ताठा हवा, म्हणून मी तो कपड्यांकडे सोपवला आहे. पांढरा सुती कुडता, त्याला साबुदाण्याची खळ आणि वर कडक इस्त्री. असा कुडता अंगात असला की रिक्षावालासुद्धा न सांगता मीटर टाकतो.

(ज्ञानेश्वरमाउलींनी ज्यांचा वाकडेपणा जावा असं मागणं मागितलं ते खळ वेगळे. माझी खळ स्त्रीलिंगी आहे आणि तिने उलट वाकड्याचं सरळ होतं.)

या ताठ्याची खरी वैरीण म्हणजे आमच्या नवी मुंबईची हवा. वाशीपर्यंत लोकल १९९२ साली आली, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी नेरूळहून फोर्टातल्या हापिसात गेलो. सकाळी घरातून निघताना कॉलर अशी असायची की मान वळवायला परवानगी घ्यावी. गाडी खाडीपुलावर आली की ती कॉलर मान टाकायची. मानखुर्दला खांदे पडायचे. आणि साहेबांसमोर मी उभा राहायचो तो मूळ स्वभावात.

तरी नेरूळला खळीची सोय आहे. शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली आमचा इस्त्रीवाला बसतो. तो खळीला कलफ म्हणतो आणि त्याच्याकडे कलफाच्या दोनच पायऱ्या आहेत, ‘कुछ नहीं’ आणि प्लायवूड. मी प्लायवूडवाला. गेल्या साली त्याने दिलेला एक कुडता मी खुर्चीच्या पाठीवर टाकला, तर कामवाल्या मावशी त्याला दोनदा ‘पाय वर घ्या’ म्हणाल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग चिरंजीवांचा दुबईहून फोन आला. गुढीपाडव्याला तिथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता आणि पंचांगवाचनाला कुणी ज्येष्ठ माणूस हवा होता. ‘बाबा, तुम्ही आणि आई याच. तुमचा आवाज चांगला आहे.’ माझ्या आवाजाबद्दल घरातून आलेलं हे पहिलंच अनुकूल मत होतं. मी तीन पांढरे कुडते काढले, आणि खळीच्या पुडीचं एक पाकीट बॅगेच्या कोपऱ्यात सरकवलं. व्हिडिओ कॉलवर चिरंजीवांना ते दिसलं.

‘बाबा, ते काय आहे?’

‘खळ.’

‘पांढरी पूड?’

‘साबुदाण्याची आहे रे.’

‘ते तुम्ही कस्टमवाल्याला खिचडी करून दाखवणार का? बाबा, इथे खसखससुद्धा आणू देत नाहीत.’

हे मात्र खरं आहे. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आमच्या शेजारच्या काकूंनी लेकीसाठी अनारसे केले होते, तर जावयाने फोन करून सांगितलं की एकेक अनारसा झाडून पाठवा. ज्या देशात अनारशावर नजर ठेवली जाते तिथे मी अर्धा किलो निनावी पांढरी पूड घेऊन उतरणार, हे चित्र सौ.ला पटलं नाही. पाकीट नेरूळलाच राहिलं.

दुबईच्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारायला एक तरुण बसला होता. त्याने माझा चेहरा बघितला, मी त्याचा कंदुरा बघितला. पायघोळ, पांढराशुभ्र, आणि असा कडक की बाहीच्या घडीवर कैरी चिरता आली असती. बाहेर आलो तर तेच. गुत्रा म्हणजे त्यांचं डोक्यावरचं वस्त्र. एकाने तर त्याची कपाळावर नागाच्या फण्यासारखी घडी उभी केली होती आणि ती गाडीत बसतानाही पडली नाही. मला गहिवरून आलं. आपल्याकडे ज्या गोष्टीसाठी मला घरात चेष्टा सहन करावी लागते, ती इथे अख्ख्या समाजाने मनावर घेतलेली होती. या देशात खळ मिळणार नाही असं होणारच नाही.

घरी जाऊन बॅग उघडली. तीन कुडते बाहेर आले ते सर्दी झालेल्या माणसाच्या रुमालासारखे. पाडवा सहा दिवसांवर होता.

पहिला प्रयोग मी स्वयंपाकघरात केला. साबुदाणा आदल्याच दिवशी दातारांच्या ‘अल आदिल’मधून आणला होता. दुबईत १९८४ साली सुरू झालेलं हे दुकान, तिथे मराठी माणूस मेतकुटापासून काय वाटेल ते शोधतो. साबुदाण्याला सौ.चा विरोध होता. ‘अहो, एकादशीचा आहे तो.’ मी तिला समजावलं की साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून करतात, त्याला उपासाचं काही माहीत नसतं. एकादशीला पोटात आणि द्वादशीला पाठीवर गेला तरी तोच. ती म्हणाली, ‘मग भांडंसुद्धा तुम्हीच घासा,’ आणि दिवाणखान्यात गेली.

मी पाणी उकळलं आणि साबुदाणा वरून सोडला. तीस वर्षं खळ वापरली होती, केली कधी नव्हती. पाच मिनिटांत पातेल्यात एक गोळा तयार झाला आणि तो उलथन्याबरोबर गोल फिरू लागला. त्यात पाणी घातलं, मग आणखी घातलं, आणि जे झालं त्यात कुडता बुडवून काढला. आता वाळत घालायचा. बाल्कनीत दोरी बांधत होतो तेवढ्यात सूनबाई धावत आल्या.

‘बाबा, बाल्कनीत कपडे नाही घालायचे! म्युनिसिपालिटी दंड करते.’

‘कपडे वाळत घातले म्हणून?’

‘बाहेरून शहर वाईट दिसतं म्हणून.’

नेरूळमध्ये हा नियम आला तर सबंध सेक्टर तुरुंगात जाईल. कुडता न्हाणीघरात टांगला. तिथे तो दोन दिवस ठिबकत राहिला. तिसऱ्या दिवशी वाळला, पण आंबट वास मारायला लागला, आणि छातीवर साबुदाण्याचे अख्खे दाणे मोत्यांसारखे चिकटून बसले. सौ.ने लांबूनच पाहिला.

‘वर थोडं दाण्याचं कूट घाला,’ ती म्हणाली.

दुसरा प्रयत्न बाजारात. चिरंजीवांनी मला एका भल्यामोठ्या दुकानात सोडलं, जिथे कपडे धुण्याच्या वस्तूंचीच गल्ली आमच्या चाळीएवढी होती. तिथे काळ्या अबायांसाठी वेगळा शॅम्पू मिळतो. माझ्या डोक्याला आयुष्यभर अंगाचाच साबण लागला, इथे कपड्याला शॅम्पू. चष्मा मी घरी विसरलो होतो. एका निळ्या बाटलीवर पांढराशुभ्र कपडा आणि त्याला मायेने गाल लावलेली बाई दिसली. म्हटलं, हीच. घरी येऊन दुसरा कुडता त्यात तासभर भिजवला. वाळल्यावर हातात घेतला तर तो हातातून निसटला. अख्ख्या आयुष्यात इतका मऊ कुडता मी पाहिला नव्हता. ते कपडे मऊ करण्याचं औषध होतं. अंगात घातला तेव्हा पहिल्यांदाच माझा स्वभाव आणि माझा पोशाख एकमेकांना शोभले.

उरला एक कुडता आणि तीन दिवस. मी मोहीम शहरात नेली.

मीना बाजारात एका दुकानाच्या गल्ल्यावर केरळचे गृहस्थ होते. ‘खळ’ त्यांना कळेना, ‘कलफ’ कळेना. मी म्हटलं, ‘कांजी!’ त्यांचा चेहरा उजळला. ‘कंजी? कंजी चाहिए?’ माझाही उजळला. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं, ‘पेट ठीक नहीं क्या?’ म्हणाले, आणि नोकराबरोबर मला मागच्या गल्लीतल्या खाणावळीत पाठवलं. समोर भाताची गरम पेज, शिजवलेले मूग आणि पापड आला. खाल्लं. चांगलं होतं. अर्धी वाटी उरवून खिशातून घरी न्यावी असाही विचार मनात आला, पण खिसा शेवटच्या चांगल्या कुडत्याचा होता.

मग एक दिरहॅम देऊन आब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडली आणि देराला गेलो. खाडी ओलांडली की कपड्याचं काम बिघडतं हा माझा वाशीपासूनचा अनुभव आहे. तिथे एका कपड्याच्या दुकानाबाहेर मी खुणा करून सांगितलं, कुडत्याची कॉलर चिमटीत धरून वर ओढली आणि म्हणालो, ‘कडक! एकदम कडक चाहिए.’ ‘करक? अभी लो,’ असं म्हणून पोराने कागदी पेल्यात वेलदोड्याचा चहा आणून दिला. आपला कडक शब्द अरबस्तानात जाऊन ‘करक’ झाला आणि चहात विरघळला. त्या दिवशी मी चार ठिकाणी कडक मागितलं आणि रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो.

परतीच्या टॅक्सीचा चालक पाकिस्तानातल्या पंजाबचा. त्याने आरशातून माझी अवस्था पाहिली आणि कारण विचारलं. मी कुडता दाखवला.

‘ओहो! इस को माया लगाओ, बाऊजी.’

‘काय?’

‘माया, माया! हमारे यहाँ हर जुम्मे को लगाते हैं.’

खळीला तिकडे माया म्हणतात. मी गप्प बसलो. तीस वर्षं मी कुडत्यांना मायाच लावत आलोय, असं त्याला हिंदीत कसं सांगणार? त्याला विचारलं, इथे कुठे मिळते? तो म्हणाला, ‘पता नहीं जी, माया तो घरवाली लगाती है.’ यावर आम्ही दोघेही जरा गंभीर झालो.

खरा धक्का बसला तो लिफ्टमध्ये. चिरंजीवांच्या इमारतीत एक वयस्कर अरब गृहस्थ राहतात. पिकली दाढी, हातात जपमाळ, आणि कंदुरा असा की माणूस आतून काढून घेतला तरी तो कार्यालयात जाऊन सही करून येईल. या पिढीला हिंदी येतं. त्यांच्या लहानपणी इथे व्यवहार भारतीय रुपयातच चालायचा. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही छापल्या आणि १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन होईपर्यंत त्या इथे खपल्या. मी धीर करून त्यांच्या बाहीकडे बोट दाखवलं.

‘ये... कैसे?’

ते हसले. इकडेतिकडे बघायचीही त्यांना गरज वाटली नाही. म्हणाले, ‘नशा.’

‘जी?’

‘नशा, नशा. थोडा पानी में. बहुत अच्छा.’

‘किधर मिलेगा?’

‘हर बकाला में.’ आणि सातव्या मजल्यावर ते उतरून गेले.

मी खाली येऊन बाकावर बसलो. आमच्या काकूंना अनारसे झाडायला लावणाऱ्या देशात नशा प्रत्येक बकाल्यात, म्हणजे गल्लीतल्या वाण्याकडे, आणि तीही पाण्यात घालून! एवढे सात्त्विक गृहस्थ! मग वाटलं, कदाचित हा गुप्त शब्द असेल. पाडवा दोन दिवसांवर होता. माणूस हौसेपुढे कुठवर घसरतो हे मला त्या संध्याकाळी कळलं, कारण मी खरोखर बकाल्यात गेलो. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बिस्किटं चाळत थांबलो. मग गल्ल्यावरच्या पोराजवळ जाऊन हळूच विचारलं, ‘नशा है?’

एखाद्या अरबाने विचारलं असतं तर त्याने वळून खोकं काढून दिलं असतं. पण समोर मी, सुरकुतलेला कुडता, दोन रात्री न झोपलेले डोळे. पोरगं पांढरं पडलं.

‘चाचा, इधर कॅमेरा है.’

‘थोडासा चाहिए. कपड़े के लिए.’

‘चाचा,’ तो हात जोडून म्हणाला, ‘घर जाओ.’

रात्री जेवताना मी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. चिरंजीवांच्या हातातला घास हातातच राहिला. ‘बाबा, तुम्ही दुकानात काय मागितलंत?’ सूनबाई उठून दार लावलंय का बघून आल्या. एवढ्यात चौथीतली नात खुर्चीवरून उतरली. तिकडच्या शाळांत अरबी सक्तीचं असतं, अगदी आपल्या मुलांनाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि मांचुरियनसाठी आणलेलं मक्याच्या पिठाचं, म्हणजे कॉर्नफ्लोअरचं पिवळं खोकं माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. त्याच्या मागच्या बाजूला वळणदार अक्षरं होती. ती त्यांच्यावर बोट फिरवू लागली.

‘आजोबा, इकडून नाही, उजवीकडून वाचायचं. हा नून. हे तीन टिंबांचं शीन. ही सरळ काठी अलिफ. नशा.’

‘म्हणजे?’

‘स्टार्च.’

जेवण थांबलं. मी ते अक्षर पुन्हा पुन्हा लावून बघितलं. उजवीकडून वाचलं तर नशा आणि उलट, डावीकडून वाचलं तर अशन. दोन्हीकडून मजकूर बरोबर होता. ते पीठ खायचंही होतं आणि ल्यायचंही. आणि ते पहिल्या दिवसापासून फोडणीच्या डब्याशेजारी उभं होतं. साबुदाण्याचं पातेलं मी त्याच्याच खाली ठेवून करपवलं होतं.

यानंतर सौ.ने सूत्रं हातात घेतली. तिने दोन चमचे पीठ आधी वाटीभर गार पाण्यात कालवलं. ‘गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलं की वरचं फुगतं आणि आतलं तसंच राहतं, म्हणून गाठी होतात,’ ती म्हणाली. हे तिला तीस वर्षं माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस? ‘तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही मला सेलमची माहिती देत होता.’ उकळत्या पाण्यात तिने ती वाटी धार धरून ओतली, दुसऱ्या हाताने ढवळत. क्षणभर पातेल्यात पांढरं दूध होतं. बघता बघता ते दाटलं, पांढरेपणा गेला आणि पाणी काचेसारखं दिसायला लागलं. मलमलच्या ओढणीतून ते गाळलं, नळाचं पाणी घालून पातळ केलं, त्यात कुडता बुडवला, पिळला, झटकला. एसीच्या झोताखाली वाळत घातला आणि पुरता वाळायच्या आत, दमट असतानाच, इस्त्री फिरवली. चर्रर्र आवाज आला आणि तो भाताच्या पेजेचा, पावसाळ्यातल्या इस्त्रीचा वास घरभर पसरला. दुबईत मला पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

कुडता प्लायवूडच्याही पुढे गेला. कार्यक्रमात मी व्यासपीठावर मांडी घालून बसलो, म्हणजे मी बसलो आणि कुडता थोड्या वेळाने बसला. दर वेळी पान उलटताना बाही करकरायची आणि ध्वनिक्षेपक ती इमानाने सभागृहात पोहोचवायचा. संवत्सराचं फळ कुणाला ऐकू आलं असेल असं वाटत नाही. पण नंतर सतरा जणांनी येऊन कुडत्याची चौकशी केली आणि एकाने बाही वाजवून बघितली. पंचांगाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री सूनबाई लाँड्रीतून आलेले कपडे कपाटात लावत होत्या. त्यातली एक पावती खाली पडली म्हणून मी उचलली. त्यावर एक रकाना होता, स्टार्च. नाही, हलका, मध्यम, कडक. ‘नाही’वर बरोबरची खूण.

‘हे काय?’

‘खालच्या लाँड्रीवाल्याची पावती. तो प्रत्येक वेळी विचारतो, स्टार्च लावू का? मी नको म्हणते.’

‘अगं, मग सहा दिवस मी काय शोधत होतो?’

‘तुम्ही खळ म्हणत होता ना, बाबा. मला वाटलं, काहीतरी चिकटवायचंय. आमच्या शाळेत वह्यांना कव्हरं लावायला करायचे ती.’

मी चिरंजीवांकडे बघितलं. त्यांनी फोनकडे बघितलं. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

आता नेरूळला परत येऊन महिना झाला. इस्त्रीवाल्याचा कलफ हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही, म्हणून परवा त्याला जरा समजावून सांगितलं की बाबा, नशा कमी पडतेय, थोडी वाढव, पैसे जास्त घे. तेव्हापासून तो संध्याकाळी सहानंतर माझे कपडे घेत नाही, आणि सौ. दिसली की तिला विचारतो, ‘साब की तबीयत अब कैसी है?’